गाडीची कालापाती

राजापूर,
१२ जुलै १९८४

ती. आक्कास,

सदूचा नमस्कार. पत्राला उशीर झाला म्हणून आधी माझा कान धर आणि मग पुढे वाच.

बाबांचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं. वर्षभर खोपीत झाकून ठेवलेली त्यांची अँबेसेडर आईने अखेर बाहेर काढू दिली. आता टॅक्सी मीच चालवतो. लांजा, पाचल, आठवड्यातून एखादा पेशंट घेऊन रत्नागिरी. आईने बॉनेटवर फूल वाहिलं आणि डोळे पुसत घरात गेली.

गाडी चालते, पण मुकाट्याने चालत नाही. सायलेन्सर मागच्या बाजूने कुजला आहे. चढाला लागली की अशी फडफडते की स्टँडवर झोपलेली कुत्री उठून उभी राहतात. त्याचंही काही नाही, पण मागच्या सीटवर बसणाऱ्याला मळमळतं, डोकं जड होतं. गेल्या आठवड्यात शेजारच्या चिमाकाकीला डोळे दाखवायला रत्नागिरीला नेलं. हातखंब्याला तिने गाडी थांबवायला लावली, उतरून ओकली आणि परत मागे बसायलाच तयार होईना. म्हणाली, माझ्या बाजूला कोणीतरी बसलेलं होतं, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मागे ती एकटीच होती.

काकीच्या तोंडाला कुलूप नाही हे तुला ठाऊक आहे. आता लोक पुढे माझ्या मांडीवर बसतील, पण मागे बसायचं नाव काढत नाहीत. नवा सायलेन्सर कोल्हापूरहून आणायचा तर सहा महिने फक्त त्याच्यासाठीच गाडी चालवावी लागेल. तेव्हा भावोजींना विचार, थोडक्यात भागेल असं काही आहे का. ते रोज गाड्यांच्या पोटाखालीच असतात.

आणखी एक गोष्ट लिहायची होती. पण ती पुढच्या वेळी.

तुझा,
सदू

* * *

लालबाग, मुंबई,
२० जुलै १९८४

चि. सदूस आक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना जेवताना वाचून दाखवलं. भूत ऐकून हसले, पण सायलेन्सर ऐकून घास तसाच ठेवला. माणसाचं दुखणं सांगितलं असतं तर इतकं लक्ष दिलं नसतं. त्यांनी सांगितलं तसं लिहिते, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

गाडी थंड असताना चालू कर. कोणाला तरी मागच्या नळीच्या तोंडावर ओलं फडकं दाबून धरायला सांग आणि तू खाली वाकून ऐक. जिथे फुसफुस ऐकू येईल तिथे भोक. शिवाय तिथे काजळी धरलेली असतेच. सापडलं की गाडी बंद करून नळी निवू दे, लोखंडी ब्रशने गंज खरवड. ॲस्बेस्टॉसचा पुठ्ठा पाण्यात भिजवून नरम कर आणि नळीभोवती दोन वेढे दे. वरून गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळ आणि दोन्ही टोकांना क्लिपा आवळ. गाडी थोडा वेळ चालवली की आतलं वाळून दगड होईल. एम-सील लावू नको, तापली की गळून पडेल. एवढ्यावर दोन पावसाळे निघतील म्हणतात.

आता माझं. चिमाकाकीच्या शेजारी बसायला भुताला दुसरं कोणी मिळालं नाही का रे? पण आता एक विचारते. सदू, बाबा गेले तेव्हा मी बाळंत होऊन चार दिवस झाले होते. मी आले ती तेराव्याला. ते कसे गेले हे मला कोणीच धड सांगितलं नाही. सगळे म्हणतात चांगलं मरण आलं. त्या दिवशी काय झालं, ते कसे दिसत होते, सगळं मला लिही. मला ते माहीत नाही म्हणून ते माझ्यासाठी अजून गेलेच नाहीत.

तुझी,
आक्का

* * *

राजापूर,
३० जुलै १९८४

ती. आक्कास नमस्कार.

विचारलंस म्हणून लिहितो. एका मास्तरांना घेऊन बाबा लांज्याला गेले होते. मास्तरांचं काम दोन तासांचं. पाऊस ओतत होता. बॅटरी उतरलेली होती, गाडी बंद केली तर ढकलायला चार माणसं लागली असती, म्हणून बाबांनी ती तशीच चालू ठेवली. काचा वर केल्या आणि मागच्या सीटवर आडवे झाले. मास्तर परत आले तर बाबा झोपलेले. त्यांनी हाक मारली, हलवलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

चेहऱ्याचं विचारतेस. आक्का, घरी आणलं तेव्हा ते मेलेले वाटतच नव्हते. गाल लालबुंद, ओठसुद्धा लाल, पंचविशीतल्या माणसासारखे. आई त्यांना दोनदा उठवायला गेली. बायका म्हणाल्या, पुण्यवान माणूस, देवाने अंगाला रंग देऊन नेला.

आणि त्यांना पाण्याचा एक थेंब लागला नाही, हे मला फार बरं वाटतं. त्याच वर्षी मे महिन्यात दाभोळहून आप्पामामा आला होता. त्याने आपणहून गाडीची कालापाती करून दिली. होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत राळेत आणि तेलात भिजवलेला कापूस ठोकतात ना, तशी. दारं, पायाखालचा पत्रा, काचांच्या कडा, एक फट ठेवली नाही. डिकी तेवढी सोडली. म्हणाला, डिकीत कोण बसतो? बाबा खूश होते. दार लावलं की बाहेरचा आवाजसुद्धा यायचा नाही.

आता ती राहिलेली गोष्ट. मी सायलेन्सर दुरुस्त केलेला नाही, आणि करणार नाही. चिमाकाकीच्या शेजारी कोण बसलं होतं ते मला ठाऊक आहे. लांब पल्ल्याला, विशेषतः परत येताना गाडीत कोणी नसलं की मागून बाबा बोलतात. पहिल्यांदा मला वाटलं भास. हाताने इशारा करायचा म्हणून माझी काच खाली असते. ते म्हणाले, 'सदू, थंडी वाजते, काच वर कर.' मी वर केली. मग जास्त स्पष्ट ऐकू यायला लागलं. आता कोणी नसलं की मी काच वरच ठेवतो. घरी येईपर्यंत डोकं फुटायची वेळ येते, पण त्याला माझी ना नाही. सायलेन्सर फडफडतो तेव्हाच ते येतात. गाडी गप्प झाली आणि ते आलेच नाहीत तर?

आईला सांगितलं. मला वाटलं घाबरेल. ती म्हणाली, मला त्यांच्याजवळ बसव. बाबांनी आंजर्ल्याच्या गणपतीला बोललेला नवस फेडायचा राहिला आहे. श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारी, २१ ऑगस्टला, मी आईला घेऊन आंजर्ल्याला जातो आहे. आठ-नऊ तासांचा रस्ता. ती मागे बसणार. काचा लावून.

तुझा,
सदू

* * *

लालबाग,
५ ऑगस्ट १९८४

चि. सदूस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ह्यांनीही वाचलं. दोनदा वाचलं.

ते म्हणतात, इतके दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचा मागचा ॲक्सल हमखास चिरलेला असतो. आंजर्ल्याच्या वाटेवर तुटला तर दोघंही दरीत जाल. तेव्हा २१ तारखेचं रद्द कर. नवस बाबांचा होता, देव काही वसुलीला माणूस पाठवत नाही. दिवाळीनंतर आम्ही येतो, मग सगळे मिळून एसटीने जाऊ.

दुसरं. सायलेन्सर सांगितला तसा दुरुस्त कर. तो होईपर्यंत गाडीत कोणालाही घेऊ नको आणि तूही काचा उघड्या टाकूनच चालव. आप्पामामाची कालापातीही काढून टाक. ॲक्सलसाठी ते बरं असतं, असं हे म्हणतात.

बाबांबद्दल तू लिहिलंस त्यावर मी आज काही लिहीत नाही. पण तुझं डोकं दुखतं हे मला आवडत नाही.

उलट टपाली कळव, ऐकलंस म्हणून.

आक्का

* * *

राजापूर,
१० ऑगस्ट १९८४

आक्का,

गाडी मिस्त्रीकडे नेऊन ॲक्सल उघडून पाहिला. नव्यासारखा आहे. मिस्त्रीने विचारलं, कालापातीचा आणि ॲक्सलचा संबंध कोणी लावला? मी तुझ्या नवऱ्याचं नाव सांगितलं नाही, त्यांची अब्रू राहावी म्हणून.

तुला खोटं लिहिता येत नाही. तुला माझं वेड वाटतं, आणि आई ते वेड घेऊन प्रवासाला निघाली म्हणून तू घाबरलीस, एवढंच ना? तू लांब आहेस. बाबा तुझ्यासाठी तेराव्याच्या पानावर संपले. इथे आई वर्षभर रोज दोन ताटं वाढून एक उचलून ठेवते. ती परवा खोपीत जाऊन बंद गाडीत मागच्या सीटवर नुसती बसली होती. मी म्हटलं, गाडी चालू असल्याशिवाय ते येत नाहीत. म्हणाली, मंगळवारपर्यंत थांबीन. तिने नारळ निवडून ठेवलेत, त्यांचं नेसूचं धोतर धुऊन घडी करून ठेवलंय.

तिला हे एवढंच हवं आहे, आणि मला ते देता येतं. तुझ्या ॲक्सलसाठी मी ते काढून घेणार नाही. एकवीसला आम्ही निघतो.

सदू

* * *

लालबाग,
१४ ऑगस्ट १९८४

सदू,

तारही करते आहे, पण तारेत हे सगळं मावणार नाही. हे पत्र वाचताना खाली बस.

ॲक्सलचं खोटं होतं. माझंच. हे म्हणाले होते, खरं लिही. मी ऐकलं नाही. मला वाटलं कसंही करून गाडी दुरुस्त झाली की झालं, तुला कधी कळायलाच नको. आता आईचा जीव मध्ये आला, तेव्हा लिहिते.

गाडीच्या धुरात एक विष असतं. धूर डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो, पण त्यातल्या विषाला रंग नाही आणि वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं. मग झोप येते, भास होतात, कोणी बोलल्यासारखं वाटतं, कोणी शेजारी असल्यासारखं वाटतं. त्यानंतर माणूस उठत नाही. आणि असं गेलेलं माणूस लाल दिसतं, गाल लाल, ओठ लाल. ह्यांच्या गॅरेजमध्ये दार लावून इंजिन चालवणारा एक माणूस असाच गेला होता. तुझं तीस तारखेचं पत्र वाचून हे ताटावरून उठले, ते त्या रात्री जेवले नाहीत.

सायलेन्सर मागच्या बाजूला कुजलेला. धूर डिकीखाली जमतो, डिकीच्या तळाच्या गंजलेल्या पत्र्यातून आत येतो, आणि मागच्या सीटच्या पाठीला काय असतं, नुसता पुठ्ठा. डिकी तेवढी राहिली आणि बाकी सगळं बुजवलं. आत यायला वाट राहिली, बाहेर जायला नाही.

तू लिहितोस, मामाने आपणहून केली. ते तसं नव्हतं. त्या एप्रिलमध्ये मीच तुला लिहिलं होतं, बाबांचे गुडघे धरतात, गाडीत पाणी येतं, थेंब आत येणार नाही असं काहीतरी कर. मी विसरलेले नाही. तू मामाला बोलावलंस ते माझ्या सांगण्यावरून. हे मला एकटीला सोसेना म्हणून मी तुझ्यावर टाकते आहे असं समजू नको. अर्धं माझं आहे, कदाचित जास्तच.

आणि एक. बाबांना थंडी वाजली असती तर त्यांनी आपला टॉवेल गुंडाळून घेतला असता. तू घामात गाडी चालवत असताना त्यांनी तुला काच वर करायला सांगितलं नसतं. जे मागून बोलतं ते बाबा नाहीत. त्याचं ऐकू नको. आईला तिथे बसवू नको.

आक्का

* * *

राजापूर,
२५ ऑगस्ट १९८४

ती. आक्कास,

आधी हे वाच. आई बरी आहे. घरात आहे, तांदूळ निवडते आहे.

तुझी तार सोळाला आली. पोस्टमनने अंगणातून 'तार' म्हटल्याबरोबर आई पायरीवर बसली आणि चिमाकाकीने गळा काढला. तुझं बाळ गेलं असंच दोघींनी धरलं. मी वाचून दाखवलं, 'आईला गाडीत बसवू नको, पत्र येते.' काकीला जरा वाईटच वाटलं, इतकं रडून झालं होतं. आई मात्र माझ्याकडे बघत राहिली.

पत्र अठराला दुपारी मिळालं. ते मी गाडीत बसून वाचलं. पुढचं तुला सांगू नये, पण आता तुझ्यामाझ्यात लपवायला काही उरलेलं नाही. वाचून झाल्यावर मी सगळ्या काचा वर केल्या, गाडी चालू केली आणि मागे जाऊन बसलो. मला त्यांना एकदा विचारायचं होतं. पाऊस पडत होता, आत काही ऐकू येत नव्हतं. डोकं जड व्हायला लागलं, आणि ते आले. शेजारीच बसले. मी विचारलं, बाबा, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का?

ते म्हणाले, 'थंडी वाजते, काच वर कर.'

काच वरच होती. मी म्हटलं, बाबा, माझं चुकलं. तर म्हणाले, 'काच वर कर.' मी आईचं विचारलं, तुझं विचारलं. तेच. आक्का, बाबा एक गोष्ट कधी दोनदा सांगत नसत, तुला आठवतं? एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. दार उघडायला गेलो तर हात उचलेना. दार मामाने असं घट्ट बसवलेलं की खांद्याने ढकलावं लागलं. मी चिखलात पडलो आणि तिथेच ओकलो. किती वेळ पडलो होतो ठाऊक नाही. मामाचं काम चोख होतं, त्याला दोष देऊ नको. होडीला खालून धूर येत नाही.

भावोजींना सांग, त्यांनी सांगितलं तसंच केलं. काजळी बरोबर मागच्या वाकाशी होती, माझा अंगठा जाईल एवढं भोक. ॲस्बेस्टॉस, डब्याचा पत्रा, दोन क्लिपा. डिकीच्या तळाला पत्रा ठोकला. पेचकस घेऊन दोन दिवस कालापाती उकरली, टोपलीभर कापूस निघाला. गाडी चालू केली तर इतकी गप्प की मला आधी वाटलं बंदच पडली. पाचलपर्यंत एकटाच जाऊन आलो. मागून कोणी बोललं नाही. डोकं दुखलं नाही. येताना गाडी कडेला लावून मी पोटभर रडलो, कारण बाबा आत्ता कुठे गेले.

आईला जायचंच होतं. एसटीने चल म्हटलं तर ऐकेना. मग एकवीसला चारी काचा उघड्या टाकून निघालो. इंजिन तापतं म्हणून काचा उघड्या ठेवायच्या, असं तिला सांगितलं. ती मागे बसली, मांडीवर धोतराची घडी. चिपळूणपर्यंत दोघंही ओलेचिंब. खाडीच्या अलीकडे गाडी ठेवून होडीने पलीकडे गेलो, ती कुठे न बसता डोंगर चढली. नवस फेडला. धोतर तिने देवळाबाहेरच्या एका म्हाताऱ्याला दिलं.

परत येताना खेड सोडल्यावर ती म्हणाली, आज ते आले नाहीत. मला हे येणार ठाऊक होतं, उत्तर तयार ठेवलं होतं. मी म्हटलं, नवस फिटला ना आई, ते तिथेच उतरले. गणपतीजवळ राहिले. ती हं म्हणाली. मला वाटलं सुटलो.

संगमेश्वर गेलं. पावसाची झड सरळ तिच्या तोंडावर येत होती, ती पुसतही नव्हती. मग अगदी हळू म्हणाली, 'सदू, ह्या काचा तवा अशा उघड्या असत्या, तर रे?'

मला आरशात बघायचा धीर झाला नाही. तार, मी दोन दिवस उकरलेला कापूस, चिखलात भरलेले माझे कपडे, सगळं तिने बघितलं होतं. तिला वाचता येत नाही म्हणून आपण दोघं तिला भोळी समजत होतो. पुढे राजापूर येईपर्यंतच्या साडेतीन तासांत मला काय वाटलं ते मी तुला लिहू शकत नाही.

तू विचारशील, आपल्याला तिने माफ केलं का. मला माहीत नाही. ती त्यावर अजून बोललेली नाही आणि मी विचारणार नाही. एवढंच सांगतो. घरी पोचलो तेव्हा पाऊस जोरात होता. मी उतरून तिचं दार उघडलं आणि मान खाली घालून उभा राहिलो. ती उतरली, डोक्यावरचा पदर सोडवला, आणि अंगण ओलांडून होईपर्यंत तो माझ्या डोक्यावर धरून चालली.

सदू